छकुलीचा क्रिटिकल पाथ

मुलगा इंजिनिअरिंगला गेला की घरातली दोन कामं आपोआप त्याच्या गळ्यात पडतात. एक म्हणजे बिघडलेला मिक्सर दुरुस्त करणं आणि दुसरं म्हणजे कुठल्याही प्रवासाचं 'प्लॅनिंग'. मिक्सरचं मी कसंबसं निभावून नेतो (मी मेकॅनिकलचा आणि मिक्सर इलेक्ट्रिकलवाल्यांचा, हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही). पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये जे प्लॅनिंग माझ्या वाट्याला आलं, ते ऐकून आमच्या विंगमधल्या मित्रांनीही कपाळाला हात लावला. घर बदलायचं, आणि त्याच आठवड्यात वीस महिन्यांच्या भाचीला घेऊन समुद्राच्या काठाकाठानं गुहागरपर्यंत गाडीनं जायचं!

झालं असं, की बाबा त्या वर्षी निवृत्त झाले. मुंबईतलं क्वार्टर डिसेंबरअखेर रिकामं करून द्यायचं होतं. माझा जन्म त्याच दोन खोल्यांतला. हॉस्टेलच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' म्हणून मी त्याच क्वार्टरचा पत्ता लिहिला होता. आता आई-बाबा गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला जाणार होते. तिथं काका आहेतच, घराची कौलंही नुकतीच चाळून झाली होती.

ताई आणि भाऊजी नवी मुंबईत राहतात. दोघांना नोकरी. छकुली सहा महिन्यांची झाली तेव्हापासून ताई तिला सोमवारी सकाळी आमच्याकडे सोडायची आणि शुक्रवारी रात्री घेऊन जायची. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस ती आईजवळच वाढली. जानेवारीपासून ती पाळणाघरात जाणार हे ठरलं होतं. ठरलं होतं खरं, पण त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. बोलणं निघालं की आईला नेमकं गॅसवरचं दूध आठवायचं.

समुद्राच्या रस्त्याची कल्पना ताईची. "सामान टेम्पोनं जाईल. आपण खालच्या रस्त्यानं जाऊ. चार दिवस लागूदेत, घाई काय आहे?" बाबांना काही हे झेपलं नाही. "टेम्पो एका रात्रीत पोचतो, आणि तुम्हाला चार दिवस?" असं म्हणून त्यांनी स्वतः टेम्पोतून जायचं जाहीर केलं. सामानाबरोबर घरचं माणूस हवं, हा त्यांचा नियम. राहिलो आम्ही पाच जण. भाऊजी (ड्रायव्हर), ताई, आई, छकुली आणि मी. मी म्हणजे नियोजन अधिकारी, कम हमाल.

मी तेव्हा सेकंड इयरला. 'ऑपरेशन्स रिसर्च' हा विषय आम्हाला अजून यायचा होता, पण फायनल इयरचा रूममेट त्याच्या नोट्स गादीखाली ठेवतो हे मला ठाऊक होतं. पर्ट आणि सीपीएम! १९५७-५८ च्या सुमाराला अमेरिकेत या पद्धती निघाल्या. सीपीएम रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी, तर पर्ट पाणबुडीवरच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी. जे क्षेपणास्त्राला चालतं ते आमच्या घराला का नाही चालणार, असा विचार करून नोट्स बॅगेत टाकल्या आणि परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, घरी पोचलो.

पहिल्यांदा कामांची साखळी मांडली. क्वार्टरची तपासणी आणि चावी हे काम कार्यालयीन दिवशीच होणार, म्हणजे शुक्रवार १५ तारीख. तपासणीला खोल्या रिकाम्या हव्यात, म्हणजे टेम्पो गुरुवारी रात्रीच भरायला हवा. टेम्पो भरायला खोके तयार हवेत. खोके तयार व्हायला भांडी आवरलेली हवीत. आणि भांडी आवरली की जेवायचं कशात? इथपर्यंत आलं की आई म्हणायची, "तुझं ते जाळं राहू दे, आधी वर्तमानपत्रं आण खालून."

पर्टमध्ये प्रत्येक कामाला तीन वेळा धरतात. सगळं सुरळीत झालं तर लागणारी, बहुधा लागणारी, आणि सगळं बिघडलं तर लागणारी. पहिली अधिक मधलीची चौपट अधिक शेवटची, भागिले सहा. आमच्या स्वयंपाकघराला मी चार, सात आणि बावीस तास धरले. ताईनं विचारलं, "बावीस कसे?" मी छकुलीकडे बोट दाखवलं. ती भरलेल्या खोक्यातून एकेक वाटी काढून ओट्याखाली रांगेत मांडत होती. तिच्या दृष्टीनं आम्ही सगळे वेड्यासारखे वस्तू लपवत होतो आणि त्या शोधून देणं हे तिचं कर्तव्य होतं. हिशेब आला नऊ तासांचा. प्रत्यक्षात साडेनऊ लागले. सूत्रावर माझा तेव्हापासून विश्वास बसला आहे!

दुसरा उपयोग झाला तो दोनशेपानी वहीचा. प्रत्येक खोक्याला नंबर, आणि वहीत त्या नंबरासमोर आतल्या वस्तू. एकूण ४१ खोके. टेम्पो भरताना स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी, कारण उतरवताना तेच पहिलं लागणार. कॉम्प्युटरवाले याला 'स्टॅक' म्हणतात, आमचा टेम्पोवाला "अक्कल" म्हणाला.

आता रस्त्याचं. मुंबईहून गुहागरला जायचा सरळ मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ (जुना १७) धरून चिपळूण, आणि तिथून आत पंचेचाळीसेक किलोमीटर. समुद्राच्या रस्त्याचं गणित वेगळं. रायगड आणि रत्नागिरीचा किनारा म्हणजे दर थोड्या अंतरावर खाडी. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची, पण मोठ्या खाड्यांवर पूल नव्हते. म्हणून फेरीबोटी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी आणि दाभोळ ते धोपावे. गाडीसकट बोटीत चढायचं आणि पलीकडे उतरायचं. यातली दाभोळ-धोपावे सेवा २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडीवाल्याला पलीकडचा किनारा डोळ्यांसमोर दिसत असूनही खाडीला लांबलचक वळसा घालावा लागायचा.

लहान मूल बरोबर असलं की नकाशातले किलोमीटर निरुपयोगी ठरतात. खरं मोजमाप म्हणजे मुलाची झोप. छकुली दुपारी साडेबाराला झोपायची ती अडीचला उठायची. म्हणजे गाडी चालवायचा सगळ्यात मोठा टप्पा तेवढाच. बाकी वेळात तास-सव्वा तासाच्या वर तिला सीटला बांधून ठेवायचं नाही, हे आईनं बजावलं होतं. माझ्या जाळ्यात लाल पेन्सिलीनं काढलेला क्रिटिकल पाथ टेम्पोतून गेलाच नाही, तो सरळ छकुलीच्या पापण्यांवरून गेला.

मग भरती-ओहोटी. तिला वाळूत खेळवायचं तर ओहोटी हवी, सपाट ओली वाळू हवी. मी इंटरनेटवर तक्ते शोधत होतो तेवढ्यात काकांचा गावाहून फोन आला. "अरे, तक्ता कशाला हवा? तिथीला पाऊणपट कर. षष्ठी ना? सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पुरी भरती. त्याच्या सहा तास आधी सुकती." सोमवार १८ डिसेंबर म्हणजे चंपाषष्ठी. सकाळी साडेदहाला ओहोटी. तक्त्यात पाहिलं तर थोड्याफार फरकानं तेच! चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, काकांचं सूत्र पंचेचाळीस धरतं. पाच मिनिटांची 'एरर' धरून कोकणातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या हिशेब करत आलेत, आणि आपण व्हायवाला टाइड म्हणजे काय ते विचारलं तर वर पंख्याकडे पाहतो. शिवाय अष्टमी जवळ, म्हणजे भांगाचे दिवस. उधाण नाही, पाण्याचा चढउतार कमी. आईला बोटीची थोडी भीती वाटत होती, ती या माहितीनं निम्मी झाली.

सोमवार ते गुरुवार हे दिवसही मुद्दाम निवडले. शनिवार-रविवार आणि नाताळची गर्दी टळली की मुरुडलाही खोली सहज मिळते. मुरुडवरून आठवलं, या रस्त्यावर मुरुडं दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याचं. दुसरं दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. फोनवर खोली बुक करताना "मुरुड" एवढंच म्हणू नका. आम्हाला दोन्ही मुरुडला एकेक मुक्काम करायचा होता, त्यामुळे भाऊजींचा शेवटपर्यंत गोंधळ चालू होता.

सगळं एका ड्रॉइंग शीटवर उतरवलं. आडव्या ओळीत चार दिवस, उभ्या रकान्यांत वेळ, ठिकाण, काम आणि शेवटी 'कोण'. गाडी कोण चालवणार, सामान कोण उतरवणार, भरवणार कोण, झोपवणार कोण. भरवणं आणि झोपवणं यांच्यासमोर मी चारही दिवस 'आई' लिहिलं, कारण छकुलीच्या बाबतीत दुसरं काही लिहायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

बुधवारी रात्री सगळे झोपल्यावर आई पाणी प्यायला उठली. मी शीट जमिनीवर पसरून बसलो होतो. तिनं चष्मा लावून सगळं नीट वाचलं. मग म्हणाली, "पेन्सिलीनं लिहिलंयस ना?"

"हो."

"मग पहिल्या दिवशी माझं नाव राहू दे. दुसऱ्या दिवशी दुपारचं भरवणं ताईचं कर. तिसऱ्या दिवशी झोपवणंही. चौथ्या दिवशी माझं नाव कुठंच नको."

मी काहीतरी विचारणार होतो. ती म्हणाली, "पाळणाघरात पहिल्याच दिवशी सगळं एकदम तुटायला नको. तिलाही, ताईलाही." आणि पाणी पिऊन झोपायला गेली.

तेव्हा मला कळलं की ताईनं चार दिवस का मागितले होते. मी खोडरबर घेतलं आणि ओळीनं नावं बदलली. जर्नलमध्ये आजवर हजार वेळा खोडाखोड केली असेल, पण इतकं जपून कधी खोडलं नव्हतं.

गुरुवारी टेम्पो भरला. शुक्रवारी तपासणी, मीटरचं रीडिंग, चावी. दुपारी आम्ही ताईकडे आलो आणि रात्री एक पेच उभा राहिला. छकुलीला झोपताना हातात आईचं लाटणं लागायचं. इतर मुलांना बाहुली लागते, हिला लाटणं! आणि ते कुठंच सापडेना. रडून रडून तिचा आवाज बसला. मी वही उघडली. खोका क्रमांक १७, पोळपाट, लाटणं, चिमटे, झारे. बाबांना फोन लावला. टेम्पो अजून वसाहतीतच उभा होता, दहाला निघणार होता. सतरा नंबर अर्थातच मागच्या फळीला लागून! बाबांनी बॅटरीच्या उजेडात खोका उघडला, लाटणं काढलं आणि ताईचं घर वाटेवरच असल्यामुळे अकराच्या सुमाराला हायवेवर टेम्पो थांबवून भाऊजींच्या हातात दिलं. चार दिवसांच्या सहलीला नावं ठेवणारे बाबा जाताना म्हणाले, "तिला वाऱ्यात उतरवू नका. टोपी घाला."

सोमवारी सकाळी निघालो. पेण, वडखळ. तिथं टेम्पो गेला होता तो गोव्याचा रस्ता सोडून आम्ही उजवीकडे अलिबागला वळलो. साडेनऊला किनाऱ्यावर. पाणी मागे सरत होतं, माणसं चालत कुलाबा किल्ल्याकडे निघाली होती. छकुलीला वाळू पायाला लागल्यावर पहिली पाच मिनिटं ती एका जागी थिजून उभी राहिली आणि मग जी बसली ती उठेचना. लाटण्यानं वाळूच्या पोळ्या लाटणं चालू होतं. साडेबाराला गाडीत झोपली, रेवदंडा, काशीद सगळं झोपेत मागे पडलं, आणि मुरुडला डोळे उघडले. पहिला दिवस शीटबरहुकूम! मी भाऊजींकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याची बोट. खाडीत बाहेरच्या बाजूला जंजिरा. तिला किल्ल्याशी कर्तव्य नव्हतं, गाडी पाण्यावर कशी गेली हा तिचा प्रश्न होता. "गाई होई!" म्हणजे गाडी होडीत. पलीकडे दिवेआगर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. जेवायला थांबलो त्या घराच्या मागे पोफळीची नवी रोपं कमरेएवढी झालेली दिसली. पोफळीला उत्पन्न यायला किती वर्षं लागतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, तरी लोकांनी पुन्हा लावली आहेत. तिथं दुपारी ताईनं भरवलं. दोन घास खाल्ले, तिसरा थुंकला आणि मान वळवून आजीला शोधलं. आई तोपर्यंत विहिरीवर हात धुवायला गेली होती. बराच वेळ धूत होती.

तिसऱ्या दिवशी प्लॅन कोलमडला. बागमांडल्याला बोटीची वाट पाहता पाहता बाईसाहेब सकाळी पावणेअकरालाच झोपल्या. बोट वेशवीला लागताना साखळीच्या खडखडाटानं उठल्या, आणि केळशी, आंजर्ले, हर्णै असा सगळा वळणांचा रस्ता टक्क जाग्या! नोट्समध्ये यावर उपाय नाही. उपाय ताईनं केला. तिनं दर पंधरा मिनिटांनी गाडी थांबवली. एकदा गाय दाखवली, एकदा वाळत घातलेली जाळी, एकदा नुसताच पंप. संध्याकाळी हर्णैच्या बंदरात माशांचा लिलाव बघून आम्ही दुसऱ्या मुरुडला पोचलो ते अंधारात. रात्री ताई तिला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपली. तासभर रडणं ऐकू येत होतं. आई पलंगावर बसून माझ्या शर्टाचं बटण लावत होती. बटण आधीपासून घट्टच होतं. मग रडणं थांबलं. आईनं दिवा घालवला.

गुरुवारी दापोलीवरून दाभोळ. बोटीवर चढल्यावर आई कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिची आई मुंबईहून आगबोटीनं दाभोळला यायची, बंदरात पडावात उतरायची आणि मग पलीकडे गावी, असं ती सांगत होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याच्या आधीच आगबोटी बंद पडल्या होत्या. इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी एक माहिती. ज्याला आपण 'दाभोळ प्रकल्प' म्हणतो तो एन्रॉनचा वीज प्रकल्प दाभोळला नाहीच, तो खाडीच्या गुहागरच्या बाजूला आहे. मी हे आईला सांगितलं. ती "हो का" म्हणाली. तिचं लक्ष गाडीच्या मागच्या सीटकडे होतं. तिथं ताईच्या मांडीवर, हातात लाटणं धरून, छकुली झोपली होती. साडेबारा वाजले होते.

धोपाव्याला बाबा काकांच्या स्कूटरवर मागे बसून हजर! पहिला प्रश्न, "टोपी कुठाय तिची?"

रविवारी ताई-भाऊजी सरळ महामार्गानं परत गेले. लाटणंही त्यांच्याबरोबर गेलं. पाळणाघराचे पहिले आठ दिवस अवघड गेले, मग रुळलं. पुढे मार्चमध्ये मी गावी गेलो तेव्हा रोज भाकरीच. बाबांनी एकदा पोळ्यांची आठवण केली. आई म्हणाली, "भाकरीला लाटणं लागत नाही." नवं लाटणं तिनं उन्हाळ्यात घेतलं, छकुली सुट्टीला येऊन तिच्याजवळ पंधरा दिवस राहिल्यानंतर. आता छकुली साडेतीन वर्षांची आहे, फोनवर आजीला पाळणाघरातल्या मुलांची भांडणं सांगते, आणि लाटण्याचं विचारलं तर तिला आठवत नाही.

हॉस्टेलच्या फॉर्मवर मी आता गावचा पत्ता लिहितो. पिनकोड पाठ व्हायला एक सेमिस्टर लागलं.

कुणाला सुट्टीत हा रस्ता करायचा असेल तर एवढंच सांगतो. बोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, तिथीला पाऊणपट करा, आणि बरोबर लहान मूल असेल तर शीट पेन्सिलीनंच लिहा. माझी शीट अजून खोलीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. झेरॉक्स मिळेल. चहा मात्र तुमच्याकडून!